हील्स काढल्या की पोटऱ्या ओढतात, कुणाला अनुभव आहे का?

डिचोलीची_लेक
मी पणजीत एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, सहा वर्षं झाली. नऊ तासांची ड्युटी, त्यातली बहुतेक उभ्याने. साडीखाली तीन इंची काळी हील युनिफॉर्ममध्येच येते. डिचोलीहून बसने सपाट चपलेत येते आणि तिथे पोचल्यावर बदलते.

गेल्या चवथीला गणपतीसमोर फुगडी घालायला उभी राहिले आणि दुसऱ्याच फेरीत दोन्ही पोटऱ्या इतक्या ओढल्या की खाली बसावं लागलं. लहानपणापासून मी कधी फुगडी अर्धी सोडलेली नाही, फार रडू आलं. आता सकाळी अनवाणी पाय टेकला की टाचेच्या मागे दोरी ताणल्यासारखं होतं. हील घातली की बरं वाटतं, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते. शिवाय संध्याकाळी उजव्या पायाची तिसरी-चौथी बोटं बधिर होतात, चवड्याखाली खडा असल्यासारखं वाटतं. आई म्हणते, उद्यापासून हील बंद. पण नोकरीचं काय?

फिजिओ_फोंडा
ताई, टाच सतत वर राहिली की पोटरीचा स्नायू आखडतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमी हील वापरणाऱ्या बायकांच्या पोटरीतले स्नायुतंतू सुमारे १३ टक्के आखूड आढळले होते, टाचेमागची शीरही जाड आणि ताठ झाली होती. म्हणून सपाट पावलावर आलात की ताण बसतो. आईंची काळजी खरी आहे, पण एका दिवसात सपाटवर येऊ नका. तीनावरून दोन इंच, काही आठवड्यांनी एक. रोज भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, तीस सेकंद थांबा. मग तेच गुडघा किंचित वाकवून. झटके देऊ नका.

बोटांचं दुखणं मात्र वेगळं वाटतं. हीलमध्ये भार चवड्यावर येतो, त्यात बूट पुढे निमुळता असला की बोटांमधली नस चेपते. तिच्याभोवती जाड गाठ धरू शकते, याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. हे व्यायामावर सोडू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

म्हापशेकरीण
मी बावीस वर्षं कपड्यांच्या दुकानात उभी राहिले, टोकदार हीलमध्येच. अंगठा आत वळला, बाजूला हाड आलं. ते आता परत जागेवर जात नाही बाय, म्हणून लिहिते. कागदावर आपलं पाऊल आखून घे आणि बूट त्यावर ठेव. रेघ बाहेर दिसली तर तो बूट तुझा नव्हे. खरेदी संध्याकाळी कर, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आणि पावसात ओल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर हील घालून उतरू नकोस. माझा घोटा तिथेच मुरगळला होता.

फिजिओ_फोंडा
नोकरीबद्दल एक राहिलं. फिलिपिन्सच्या कामगार खात्याने २०१७ मध्ये आदेश काढला की कामावर एक इंचाहून उंच हीलची सक्ती नको आणि उभ्या कामात बसायला मिळायला हवं. आपल्याकडे तो लागू नाही, पण मागणी करताना दाखवता येईल.

डिचोलीची_लेक
डॉक्टरांकडे सोमवारी जाते. आमच्या काउंटरवर सहा जणी आहोत. दोघींची बोटं माझ्यासारखीच बधिर होतात, आजच विचारलं. एक इंची रुंद टाचेसाठी सगळ्या मिळून अर्ज लिहितोय.