कॅलिया कायदा आणि इंटरनेट दूरध्वनी: आवाज आमच्या सर्व्हरमधून जातच नसेल तर काय करावे?

नमस्कार. अमेरिकेत लहान कार्यालयांना इंटरनेटवरून दूरध्वनी सेवा पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीची तांत्रिक बाजू मी सांभाळतो. आमचे वकील करारमदारांचे जाणकार आहेत, त्यामुळे कॅलिया या टॅपिंगविषयक अमेरिकी कायद्याचा प्रश्न फिरून माझ्याच टेबलावर आला आहे.

मला समजले आहे ते असे. १९९४ चा हा कायदा टॅपिंगचा अधिकार देत नाही. संभाषण ऐकण्याचा आदेश न्यायालय १९६८ च्या वायरटॅप कायद्याखाली देते. असा आदेश आल्यावर तो पाळण्याची क्षमता सेवादात्याच्या यंत्रणेत आधीपासून असली पाहिजे, एवढेच कॅलिया सांगतो. एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगाने) २००५ मध्ये हे बंधन सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी दोन्ही दिशांनी जोडलेल्या इंटरनेट दूरध्वनीला लागू केले, २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ते उचलून धरले आणि पूर्ततेची मुदत १४ मे २००७ रोजी संपली. आमच्या ग्राहकांना नेहमीचे क्रमांक मिळतात, कॉल येतात आणि जातात, तेव्हा आम्ही या व्याख्येत बसतो याबद्दल मला शंका नाही.

शंका वेगळीच आहे. बाहेरच्या क्रमांकाशी होणारे संभाषण आमच्या गेटवेमधून, म्हणजे दूरध्वनी जाळ्याशी जोडणाऱ्या यंत्रणेतून जाते, परंतु आमचेच दोन ग्राहक एकमेकांशी बोलतात तेव्हा एसआयपीचे (कॉल जोडण्या-तोडण्याचे) संदेश तेवढे आमच्या सर्व्हरवर येतात आणि आवाजाची पाकिटे (डेटाचे छोटे तुकडे) थेट एका फोनकडून दुसऱ्याकडे जातात. आदेश आला की फक्त त्या ग्राहकाचा आवाज आमच्या सर्व्हरमार्गे वळवावा, असा माझा विचार आहे. तो पुरेसा ठरेल का? शिवाय आमचे कॉल कूटबद्ध असतात. ते उलगडून देणे आमच्यावर बंधनकारक आहे का? आणि हे सारे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवता येते का?

प्रतिसाद

तुमचा वळवण्याचा विचार आधी सोडून द्या, कारण खरी मेख तिथेच आहे. टेहळणी ग्राहकाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने झाली पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे. काल थेट जाणारा आवाज आज तिसऱ्याच पत्त्यावर जाऊ लागला, तर फोनच्या स्थिती-पानावर तो पत्ता दिसतो आणि विलंबही बदलतो; जरा चौकस ग्राहकाला एवढे पुरेसे आहे. म्हणून आवाज सर्व्हरमार्गे न्यायचा असेल, तर तो सर्वांचा आणि सदैव न्यावा. अमुकच रचना करा असे सांगण्याचा अधिकार कायद्याने पोलीस यंत्रणांना दिलेला नाही, हे खरे. पण त्यामुळे आदेश पाळण्याच्या क्षमतेची जबाबदारी टळत नाही. उद्योगाने मान्य केलेले मानक पाळले तर कायद्याचे संरक्षण मिळते, तेव्हा पाकीट-आधारित आवाजासाठीचे टी१.६७८ हे मानक तुमच्या वकिलांपुढे ठेवा.

कूटबद्धतेबाबत कायदा दोन गोष्टी एकत्र पाहतो: ती तुम्ही पुरवली आहे का, आणि उलगडण्यास लागणारी माहिती तुमच्याकडे आहे का. दोन्हींचे उत्तर होय असेल तरच उलगडण्याची जबाबदारी तुमची. तुमची एसआरटीपीची (आवाज कूटबद्ध करून पाठवण्याच्या पद्धतीची) किल्ली एसडीईएस या किल्ली पोचवण्याच्या पद्धतीने एसआयपी संदेशातून जात असेल, तर ती तुमच्या सर्व्हरवर उघडी येते आणि "आमच्याकडे किल्ली नाही" असे म्हणायला जागा उरत नाही.

तुम्ही विचारले नाही, तरी एक सांगतो. काही आदेश संभाषणासाठी नसून फक्त कोणी कोणाला कधी फोन केला एवढ्यापुरते असतात. अशा वेळी सोपे पडते म्हणून सगळी पाकिटे, म्हणजे संभाषणही, सुपूर्त करणे ही गंभीर चूक ठरेल. जोडणी झाल्यावर दाबलेल्या आकड्यांचीही काळजी घ्या; त्यांत एखाद्याचा बँकेचा पिन असू शकतो.

काम बाहेरच्या विश्वासू संस्थेकडे देता येते, परंतु जबाबदारी तुमचीच राहते. अंतर्गत सुरक्षेची धोरणे एफसीसीकडे दाखल करणे, चोवीस तास उपलब्ध असणारी व्यक्ती नेमणे आणि प्रत्येक टेहळणीची नोंद ठेवणे, हे कागदी काम कंटाळवाणे असले तरी चुकवू नका. पूर्तता नसेल तर न्यायालय दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड करू शकते.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आम्ही एसडीईएसच वापरतो, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सर्वांचा आवाज सर्व्हरमार्गे नेण्याचा हिशेब आत्ताच केला: जी.७११ या आवाजाच्या संकेतन-पद्धतीच्या एका प्रवाहाला एका दिशेने सेकंदाला साधारण ८७ किलोबिट धरले, तर एकाच वेळी चालणाऱ्या ५०० अंतर्गत कॉलसाठी सुमारे ८७ मेगाबिट आत आणि तितकेच बाहेर. मला वाटत होते त्यापेक्षा हे बरेच कमी आहे. आदेशाच्या प्रकारानुसार पाकिटे वेगळी कशी काढावीत, हे मात्र मानक वाचून झाल्यावर इथेच विचारेन.