मदत हवी आहे: माझे मत्स्यमानव पाण्याबाहेर किती वेळ तग धरतील? (तातडीचे)

ढगफुटी
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितोय, रविवारी रात्रीपर्यंत द्यायची आहे आणि सोळाव्या पानावर गाडी रुतली आहे. कथेत जळवे नावाची जमात आहे. अर्धे मासे, अर्धी माणसं. पाण्यात राहतात, जमिनीवरही येतात. त्यांना एका किल्ल्यावर हल्ला करायचा आहे. प्रश्न एवढाच: पाण्याबाहेर ते किती वेळ जगतील? मला एक आकडा हवा आहे, तास किंवा दिवस. पटेल असा. संपादक बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या. गेल्या वर्षी माझ्या ड्रॅगनच्या पंखांवर त्यांनी दोन पानी टिपण पाठवलं होतं. कृपया लवकर.

मीठागर
जमात तुझी, जग तुझं, आकडाही तुझाच. सात तास लिही आणि झोप.

ढगफुटी
बाई विचारतील, सातच का.

तिवरातला
आकडा नंतर. आधी हे सांग: खारं पाणी की गोडं? अंगाने केवढे? रक्त गरम की थंड? नुसते कल्ले आहेत की फुफ्फुसंही? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस आणि उत्तर मात्र तासांत पाहिजे.

ढगफुटी
मासे आहेत म्हटल्यावर कल्लेच असणार ना. माणसाएवढे. समुद्रातले. रक्ताचा विचार केलेला नाही.

सुरंगी
जळवे म्हणजे जळवांचे भाऊ का? मला आधी वाटलं रक्त पिणारे आहेत. नाव बदला.

ढगफुटी
नाव बदलता येत नाही, पहिला भाग गेल्या दिवाळीत छापून आलाय.

तिवरातला
नुसते कल्ले असतील तर तुझे सैनिक मिनिटांत आडवे. मोकळे सोडलेले लांब केस पाण्यात कसे पसरतात, आणि डोकं बाहेर काढलं की सगळे चिकटून एक शेपटी होते, तसं कल्ल्यांचं होतं. पातळ पातळ पापुद्रे पाण्यामुळे सुटे राहतात. हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि श्वास घ्यायला जागाच उरत नाही. गंमत बघ, लिटरभर हवेत 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, 25 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सहाही भरत नाही, समुद्राच्या पाण्यात आणखी कमी. म्हणजे मासा गुदमरतो तो ऑक्सिजनच्या समुद्रात.

आगाऊ आजोबा
तरुण लेखकांनी परदेशी कल्पनांच्या मागे लागू नये. आपल्याकडे काय कमी आहे? माशाच्या पोटी जन्मलेली मत्स्यगंधा, मगरीच्या (काही ठिकाणी माशाच्या) पोटी मकरध्वज, माशाच्या पोटात बसून साक्षात शंकराचा उपदेश ऐकणारे मत्स्येंद्रनाथ. त्यातून घ्या.

सुरंगी
आजोबा, मत्स्यगंधेला कल्ले नव्हते हो, वास होता.

आगाऊ आजोबा
ठीक आहे. मग बाबिलोनचं घ्या. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बेरोसस नावाच्या पुरोहिताने लिहून ठेवलंय की ओआनेस नावाचा मासा-माणूस समुद्रातून वर यायचा, दिवसभर लोकांना लिहायला, घरं बांधायला, शेती करायला शिकवायचा आणि सूर्य मावळला की परत समुद्रात. झाला तुमचा आकडा. एक दिवस.

ढगफुटी
धन्यवाद आजोबा, पण माझे जळवे शिकवायला नाही, भांडायला चाललेत. आणि किल्ला तीन दिवसांच्या चालीवर आहे.

तिवरातला
हे आत्ता सांगतोस?

ढगफुटी
किल्ला म्हटल्यावर डोंगरावर असणार. घाट चढून जायचं आहे. मला वाटलं ते उघड आहे.

बेकर्सफील्डचा बंड्या
इंजिनियर म्हणून सांगतो, सोपं आहे. पाठीवर पाण्याची टाकी, नळी कल्ल्यांना, पायाने दाबायचा भाता. पाणबुड्याचं उलटं. चामड्याच्या पखाली तुझ्या जगात असतीलच.

तिवरातला
गणित करून बघ बंड्या. माणसाएवढ्या गरम रक्ताच्या शरीराला नुसतं पडून राहायला मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. लिटरमध्ये सहा मिलिलिटर धरले आणि थेंबन् थेंब ओढून घेतला तरी मिनिटाला चाळीस लिटरच्या वर पाणी. दोन-अडीच बादल्या. दर मिनिटाला. तेही पडून राहायला. घाट चढताना पाठीवर विहीर न्यावी लागेल.

बेकर्सफील्डचा बंड्या
तेच पाणी फिरवून वापरायचं, त्यात हवा घुसळायची. माशांच्या टाकीत बुडबुडे सोडतात तसं.

मीठागर
म्हणजे एक जळवा चालणार आणि दुसरा मागून ताक घुसळणार.

तिवरातला
मुद्द्यावर येतो. थंड रक्ताचे कर, गरज बरीच कमी होते. आणि निवट्या बघ, चिखलात राहणारे छोटे मासे. आमच्या खाडीत ओहोटीला चिखलावर टणाटण उड्या मारत फिरतात. तोंडाच्या आतल्या ओल्या कातडीतून आणि अंगावरून हवा घेतात, कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवतात, डोळे कोरडे पडले की खोबणीत ओढून ओले करून परत वर काढतात. बिळात हवेचा कप्पा ठेवतात, अंडी तिथे असतात, आणि नर तोंडात हवा भरभरून आत नेऊन सोडतो. तुझ्या जळव्यांची बालवाडी आयती तयार आहे.

तिरफळ
निवट्यांचं कालवण खाल्लंय का कुणी? चिंच, लसूण, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. साफ करताना राख लावून धरायच्या, नाहीतर हातातून निसटतात.

सुरंगी
ज्यांच्यावर तो कथा लिहितोय त्यांचं कालवण नका हो करू.

ढगफुटी
निवटी आवडली. म्हणजे कातडीतून श्वास, तीन दिवस. झालं?

तिवरातला
नाही झालं. निवटी वीतभर असते. लांबी दहापट केली की कातडी शंभरपट होते, पण आतलं मांस हजारपट. माणसाएवढ्या शरीराला कातडी पुरणार नाही. फुफ्फुसं दे त्यांना. आफ्रिकेतल्या फुफ्फुसमाशाला असतात, तळं आटलं की चिखलात स्वतःभोवती चिकट कोष करून महिनोन्महिने पडून राहतो.

ढगफुटी
फुफ्फुसं देता येत नाहीत. पहिल्या भागातलं शेवटचं वाक्य: "तिने त्याच्या छातीवर कान ठेवला. आत फुफ्फुसं नव्हती." त्या वाक्याला बक्षीस मिळालंय.

मीठागर
कशाबद्दल?

ढगफुटी
उत्तेजनार्थ.

सुरंगी
छातीवर कान ठेवून फुफ्फुसं नाहीत हे कळलं कसं तिला? ती वैद्य आहे का? आणि मग ऐकू काय आलं? मला तर कथेत हेच जास्त वाचायला आवडेल. तुमच्या जमातीत लग्नं कशी होतात, राज्य कोणाकडे जातं, काही ठरवलंय की नुसतं युद्ध?

ढगफुटी
राजा आहे. त्याचा मुलगा गादीवर बसतो.

तिरफळ
मासे आहेत ना? मग मुलगा कशाला. आमच्या रायगडातला जिताडा बघा. लहानपणी नर असतो, मोठा झाला की मादी. मोठाले जिताडे बहुतेक माद्याच. शिवाय खाडीत, नदीत, समुद्रात सगळीकडे राहतो. तुमचा राजपुत्र म्हातारपणी राणी होईल.

सुरंगी
हे फार सुंदर आहे! युद्ध काढून टाका आणि हेच लिहा.

ढगफुटी
युद्ध काढता येणार नाही. अंकाचा विषय शौर्य आहे. श्वासाचं कुणी बोलेल का?

आगाऊ आजोबा
प्राणायाम.

बेकर्सफील्डचा बंड्या
आग्नेय आशियातल्या बजाऊ लोकांचं वाचलंय का? पिढ्यान् पिढ्या श्वास रोखून बुड्या मारतात. 2018 मध्ये शोधनिबंध आला होता, शेजारच्या शेती करणाऱ्या लोकांपेक्षा त्यांची प्लीहा सुमारे निम्म्याने मोठी असते. रक्ताचा जादा साठा तिथे. तुझ्या जळव्यांना मोठी प्लीहा दे, श्वास रोखून चढतील.

तिवरातला
श्वास रोखून तीन दिवस?

बेकर्सफील्डचा बंड्या
तू प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतोस. तुझं काय उत्तर आहे ते तरी सांग.

तिवरातला
लेखकाने माहिती एका वेळी चमचाभर दिली की उत्तरही तसंच येणार.

वसईवाला
वाचतोय मघापासून. घरची बोट आहे म्हणून अवांतर लिहितो. घोळ मासा माहीत असेल. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला आमच्याकडे बोत म्हणतात. मांसापेक्षा बोताला भाव. 2021 च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरबे गावच्या बोटीला एका फेरीत दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि सव्वा कोटीच्या वर पैसे झाले, पेपरात होतं. ही पिशवी माशाला वरखाली तरंगायला. पण घोळ त्यावर स्नायू आपटून आवाजही काढतो, ढोलासारखा. आजा सांगायचा, रात्री जाळं टाकून बसलं की बोटीच्या तळाला कान लावला तर थवा ऐकू येतो. वरचं छातीवर कान ठेवायचं वाचलं म्हणून आठवलं.

तिवरातला
वसईवाले, हे अवांतर नाही! ढगफुटी, हे वाच. ही पिशवी म्हणजे वाताशय. ॲमेझॉनमध्ये अरापैमा नावाचा मासा आहे, दोन-दोन मीटरच्या वर वाढतो, माणसापेक्षा जड. त्याचं वाताशय आतून रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं आणि तो त्यातूनच श्वास घेतो. दहा-वीस मिनिटांनी वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो, खाली कोंडून ठेवलं तर हा मासा पाण्यात बुडून मरतो. लहानपणी कल्ले बऱ्यापैकी चालतात, वय वाढेल तसे निकामी होत जातात. फुफ्फुसं नाहीत! तुझं बक्षिसाचं वाक्य जिवंत.

सुरंगी
आणि तिला छातीत ढोल ऐकू आला!! अंगावर काटा आला हो.

ढगफुटी
🙏🙏 म्हणजे हवा कितीही वेळ. मग आकडा काय, अमर्याद?

तिवरातला
श्वासाचं सुटलं, बाकीचं नाही. कातडी सुकेल. शिवाय अमोनिया. मासे अंगातला अमोनिया कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतात. बाहेर आल्यावर तो तुंबतो आणि विषबाधा होते. फुफ्फुसमासा त्याचा युरिया करून ठेवतो, तसं काही बघ. आणि महिना कोणता आहे तुझ्या कथेत?

ढगफुटी
फाल्गुन. पळस फुललाय. त्यावर दोन पानं लिहून झालीत.

वसईवाला
फाल्गुनात घाट? कातळ तापतो दादा. बोंबील सुकतात तसे सुकतील, फक्त वाळत घालायची वलांडी बांधायची बाकी.

घाटमाथा
मी आंबोलीजवळचा. आषाढात न्या की. आमच्याकडे चार-चार दिवस ऊन नसतं, धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, भिंतींना पाझर फुटतो, अंगातले कपडे अंगावरच ओले. पायवाटेचा ओढा झालेला असतो. तुमचे लोक ओढ्यातून पोहतच वर येतील. किल्ल्यावरचे पहारेकरी घोंगडी पांघरून शेकोटीला, बारूद सर्दावलेली. पावसाळ्यात मोहीम कोण काढतो? कुणाच्या ध्यानीमनी नसणार.

ढगफुटी
पळस जाणार म्हणजे.

मीठागर
पळसाला पानं तीन, तुझी दोनच जातायत.

तिवरातला
घाटमाथा, उत्तम. एकच अडचण. पाऊस गोडा, जळवे खारे. समुद्रातल्या माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर जात असतं, म्हणून तो समुद्र पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात उलटं: पाणी आत घुसत राहतं, मीठ निसटत राहतं. तीन दिवस पावसात म्हणजे तीन दिवस मीठ गळतंय. मूत्रपिंडाला त्या कामाची सवय नाही. फुगतील, पेटके येतील.

ढगफुटी
आता हे काय नवीन. कोरडं चालत नाही, ओलं चालत नाही.

तिरफळ
जिताडा सांगितला होता मी. त्याला दोन्ही चालतं.

तिवरातला
तोही खाडीच्या तोंडाशी जन्मून नदीत येतो तो मचूळ पाण्यातून, सवय करत. तुझ्या सैन्याला आधी खाडीच्या टोकाशी, तिवरांत, काही दिवस मुक्काम करायला लाव.

मीठागर
किंवा मीठ बरोबर न्या. पूर्वी कोकणातून मीठ घाटावर बैलांच्या तांड्यांनीच जायचं. मिठाच्या गोण्या घेतलेले बैल, तांड्याबरोबर घोंगड्यांत गुरफटलेले लोक. नाक्यावर कोण संशय घेणार? रात्री घमेल्यात मीठ कालवून कल्ले बुडवून बसायचं.

सुरंगी
मीठागर, इतका वेळ टवाळी करत होतात आणि हे पोटात ठेवलं होतंत?

मीठागर
नाव उगाच घेतलेलं नाही. आमच्या घरची मिठागरं होती.

घाटमाथा
पण पावसात मीठ विरघळतं. गोण्यांवर इरली घाला, तरी रोज थोडं पाझरणारच.

ढगफुटी
थांबा थांबा. म्हणजे किती वेळ हे मीठ ठरवणार. गोण्या रोज हलक्या होतायत, वेढा लांबतोय. आणि मीठ संपत आलं की किल्ल्यातल्यांनी दरवाजा उघडला नाही तर...

घाटमाथा
किंवा मधेच उघडीप. श्रावण लागला की असं लख्ख ऊन पडतं, कातळ वाफाळतो. किल्ल्यातले लोक आनंदाने बाहेर येऊन कपडे वाळत घालतील. तुमचे लोक तटाखाली.

आगाऊ आजोबा
मी मघाशी सूर्याचंच सांगत होतो. ओआनेस सूर्यास्ताला परतायचा. कुणी लक्ष दिलं नाही.

बेकर्सफील्डचा बंड्या
टाकीवाला आराखडा कागदावर काढलाय. कुणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ढगफुटी
सगळ्यांचे आभार. पळस काढला, आषाढ घातला. मीठ सात गोण्या धरलंय, रोज एक. बाईंना पाठवतोय.

तिवरातला
अमोनियाचं काय केलंस?

ढगफुटी
अमोनिया तिसऱ्या भागात.

मीठागर
सात मीच म्हणालो होतो.