सल्लागार समितीचं इतिवृत्त शेतकऱ्याला बघायला मिळतं का?

कांदेवाला
नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, चाळीतल्या कांद्यावर दरवर्षी मार खातो. पिकावर काम करणाऱ्या एका केंद्रीय संस्थेचा (नाव मुद्दाम टाळतो) वार्षिक अहवाल चाळत होतो. संशोधन सल्लागार समितीची बैठक झाली, पुष्पगुच्छांसकट ग्रुप फोटो, आणि खाली शिफारशी: 'काढणीपश्चात संशोधनावर भर द्यावा' वगैरे चार ओळी. भर म्हणजे किती रुपयांचा? कोणतं काम कमी करून? कुणी नको म्हटलं का? फोन केला तर 'ते अंतर्गत असतं'. पैसा करातून येतो, मग तज्ज्ञांनी काय सांगितलं हे आपल्याला कळू नये?

पेन्शनर_शास्त्रज्ञ
अशी इतिवृत्तं मी स्वतः लिहिली आहेत, म्हणून सांगतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांत आरएसी म्हणजे ही सल्लागार समिती, तिचे बहुतेक तज्ज्ञ बाहेरचे. क्यूआरटी हे आढावा पथक, ते पाच वर्षांचं काम तपासतं. आयआरसीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या संशोधन समितीत, घरचेच शास्त्रज्ञ आपापले प्रकल्प मांडतात. योजनेचा पैसा मात्र यांच्या हातात नसतो, तो ईएफसी-एसएफसी या खर्च मंजूर करणाऱ्या वित्त समित्यांच्या कागदांत ठरतो. तेव्हा नुसतं आरएसीचं इतिवृत्त मिळवलंत तर सल्ला कळेल, पैसा कुठे गेला ते कळणार नाही.

तुम्हाला हवा आहे तो कार्यवाही अहवाल. मागच्या शिफारशींचं काय केलं याचा तक्ता पुढच्या बैठकीत ठेवतात. डावीकडे शिफारस, उजवीकडे उत्तर. उजवीकडे 'नोंद घेतली' किंवा 'काम प्रगतिपथावर' दिसलं की समजायचं, फाइल हललेली नाही. सलग तीन-चार वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून वाचा. तेच वाक्य स्वल्पविरामासकट परत भेटलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणखी एक. आरएसीवर शेती व ग्रामीण हिताचे दोन प्रतिनिधी असतात. त्यांना गाठा. आमच्याकडे त्यांच्या हातात विषयपत्रिका बैठकीच्या सकाळी चहाबरोबर पडायची, बिचारे काय बोलणार!

कलम_चार
'अंतर्गत' नावाची सूट माहिती अधिकार कायद्यात नाही. २००५ च्या कायद्याचं कलम ४(१)(ख)(आठ) वाचा. सल्ल्यासाठी नेमलेल्या समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हे कुणी न मागता जाहीर करायचं आहे. कलम 'इतिवृत्त छापा' म्हणत नाही, 'मिळतं की नाही ते सांगा' म्हणतं. पण कागद कार्यालयात आहे म्हटल्यावर तो नाकारायला कलम ८ किंवा ९ मधलं नेमकं कारण द्यावं लागतं. व्यापारी गुपिताचं कारण दिलं तर कलम १० खाली उरलेला भाग मागा.

अर्जात 'भर का दिला नाही?' असं विचारू नका. 'का'ला उत्तर देणं जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतं. अमुक वर्षांची इतिवृत्तं, कार्यवाही अहवाल आणि सदस्यांनी हितसंबंध जाहीर केले असतील तर ती पत्रं यांच्या प्रती मागा. फी १० रुपये, ए-४ पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. शक्य असेल तर आधी फाइल जाऊन बघा, पहिला तास फुकट असतो.

चालू_नोकरीत
दुसरी बाजूही ऐका. नावासकट सगळं बाहेर गेलं तर 'हा प्रकल्प बंद करा' असं कोण म्हणेल? आज ज्याचा प्रकल्प कापायला सांगायचा, तोच उद्या आपला परीक्षक. मग सगळेच 'उत्तम काम' म्हणून जेवायला जातील.

पेन्शनर_शास्त्रज्ञ
अर्धं मान्य. कोण बोललं ते झाका हवं तर, पण काय कारण दिलं ते लिहा. आणि ज्याच्या स्वतःच्या संस्थेला निधी जाणार, तोच शिफारस करत असेल तर तिथे नाव हवंच. अमेरिकेत १९७२ पासून फेडरल सल्लागार समित्यांचा कायदा आहे. आगाऊ सूचना, खुली बैठक, इतिवृत्त, समितीपुढचे कागद, सगळं लोकांसाठी, काही अपवाद सोडून. कृषी खात्याला संशोधनावर सल्ला देणारं मंडळही त्यात येतं. म्हणून तिथल्या तज्ज्ञांनी सल्ला देणं थांबवलं नाही.

आपल्याकडेही बीटी वांगं, म्हणजे जनुक बदललेलं कीडरोधक वांगं, आठवा. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीचा हिरवा कंदील, मग तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत सुनावण्या घेतल्या, त्यात नागपूर होतं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच्या लागवडीला स्थगिती. निर्णयाबरोबर कारणांचं लांबलचक टिपण जाहीर केलं. मला तो निर्णय पूर्ण पटला नव्हता. पण कुठल्या मुद्द्यावर भांडायचं ते निदान कागदावर होतं. तुमच्या चार ओळींशी कोण कसं भांडणार?

कांदेवाला
अर्ज लिहायला घेतोय. संस्थेला पाठवू की दिल्लीला परिषदेला?

कलम_चार
इतिवृत्त संस्थेकडे, ईएफसीचे कागद दिल्लीला. दोन वेगळे अर्ज करा. चुकीच्या दारात गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर राहू नका.