प्रति: प्रभागसंघाच्या बैठकीत होतं तरी काय?

सत्कार, भाषणं आणि हजेरीच्या सह्या, यापलीकडे प्रभागसंघाच्या बैठकांत काही नसतं, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. वार्षिक सभेपुरतं मान्य. तिथे हारतुऱ्यांतच दुपार होते. मासिक बैठकीबद्दल मात्र पटत नाही. मी ग्रामसंघाची सचिव म्हणून जाते. गावातल्या महिला बचत गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी 'उमेद'ची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची रचना, त्यामुळे तिथे प्रत्येक बाई आपल्या गावाच्या वतीने बोलते. समुदाय गुंतवणूक निधीची, म्हणजे गटांना कर्जाने दिलेल्या अभियानाच्या पैशाची, परतफेड कुठल्या गावाची थकलीय, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. आपलं गाव निघालं की मान वर करवत नाही. घरी आल्यावर गटांकडे वसुलीला आपणच फिरतो, कुणी सांगायला लागत नाही.

खरी अडचण वेळेची, त्यावर इथे कुणी बोललंच नाही. कर्जमागणीचे अर्ज आमच्याकडे शेवटी घ्यायचे, आणि लांबच्या वाड्यांवरच्या बायका साडेतीनची एसटी गाठायला तोवर उठलेल्या असायच्या. अर्जावर प्रश्न निघाला तर उत्तर द्यायला कुणीच नाही, मग तो पुढच्या महिन्यावर. पेरणीच्या तोंडाला महिनाभर थांबून चालतं का? भांडून तो विषय सुरुवातीला घ्यायला लावला. स्वागतगीत आता शेवटी असतं, वेळ उरला तर.