संगीत नाटकात 'वन्समोअर' द्यावा का?

तिसरी घंटा
परवा 'सौभद्र'चा प्रयोग पाहिला. बलरामाने दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, अर्जुनाचा पत्ता नाही, आणि कासावीस झालेली सुभद्रा 'वद जाऊ कुणाला शरण' म्हणतेय. पद उत्तम झालं. शेवटचा सूर विरायच्या आत मागच्या रांगेतून 'वन्समोअर!' आला. गायिकेने ऑर्गनकडे पाहिलं, तिकडून सूर मिळाला आणि सुभद्रेने आपली व्यथा पुन्हा पहिल्यापासून मांडली. पहिल्या वेळी शेजारच्या सखीने डोळे पुसले होते. दुसऱ्या वेळी काय करावं हे बिचारीला कळेना. ती पदराशी चाळा करत उभी राहिली.

१८८२ सालचं हे नाटक तीन तासांत बसवायचं म्हणून आपण पदंच्या पदं गाळतो, आणि उरलेल्यांतलं एक दोनदा ऐकवतो. हा काय हिशेब? माझ्या मते प्रवेश चालू असताना वन्समोअर देऊच नये. दाद द्यायला टाळ्या आहेत.

पिटातला
साफ असहमत. सुभद्रेचं लग्न शेवटी अर्जुनाशीच लागणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. 'पुढे काय होणार' म्हणून कोण येतं हो तिथे? लोक गाणं ऐकायला येतात. 'स्वयंवर' रंगमंचावर आलं १९१६ साली, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गाणारे बालगंधर्व. पुढे त्यांच्या साथीला तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष होते. अशा साथीत 'नाथ हा माझा' एकदा ऐकून जो गप्प बसेल तो रसिक कसला?

आणि ती नुसती पुनरावृत्ती नसायची. प्रत्येक खेपेला जागा वेगळी, ठेहराव वेगळा. नाटक पहाटेपर्यंत चालायचं ते उगाच नाही. (अमक्या पदाला किती वन्समोअर पडले याचे आकडे घरोघरी वेगळे ऐकायला मिळतात आणि दर पिढीत वाढतात, ते सोडा.)

तिसरी घंटा
पण ते बालगंधर्व होते! आज दुसऱ्यांदा म्हणताना तीच तान, तीच हरकत, तेच हातवारे येतात. घरी रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकावं तसं. नवीन काही सुचणार असेल तर जरूर गा, नाहीतर नाटक पुढे न्या.

ऑर्गनवाला
साथीदार म्हणून दोन शब्द. वन्समोअर आला की पहिली पंचाईत आमची : घ्यायचं कुठून, मुखड्यापासून की अंतऱ्यापासून? जाणती गायिका नुसत्या नजरेने सांगते. नवखी असली तर ती ध्रुपदावर, तबलजी अंतऱ्याच्या तयारीत आणि मी मधे लोंबकळत.

दुसरं घड्याळ. नाट्यगृह सत्राने मिळतं. आमचा तिसरा अंक चालू असतो तेव्हा पुढच्या नाटकाच्या सेटचा ट्रक मागच्या दाराशी लागलेला असतो. पहिल्या अंकात वाटलेले वन्समोअर शेवटच्या अंकातल्या पदांच्या मानेवर बसतात.

तिसरं, मागणारे कोण तेही बघा. पहिल्याच पदाला, आवाज तापायच्या आत 'वन्समोअर' आला की खुशाल समजावं, घरची मंडळी आलीत.

बाल्कनी
हे भांडण आपल्याकडचंच नाही. १७८६ साली व्हिएन्नात मोझार्टचा 'फिगारोचा विवाह' हा ऑपेरा आला तेव्हा लोकांनी इतकी गाणी परत परत मागितली की सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढलं : एकापेक्षा जास्त आवाज असलेला कुठलाही तुकडा पुन्हा गायचा नाही. एकट्याची गाणी मात्र वाचली. मिलानच्या ला स्कालात तर पुन्हा गाण्यावर कित्येक दशकं बंदीच होती. २००७ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने ती मोडली. १९३३ नंतर तिथे प्रथमच एकट्या गायकाने गाणं दुसऱ्यांदा म्हटलं. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षं दाबून ठेवूनही लोकांची भूक मेली नाही, यातून काय ते समजा.

उलट रॉकच्या मैफिलीत बघा. गायक 'गुडनाइट' म्हणून आत जातो, लोक ओरडतात, तो परत येतो. गाजलेलं गाणं त्यासाठीच मागे ठेवलेलं असतं, यादीत आधीच छापलेलं. त्यापेक्षा आपला वन्समोअर प्रामाणिक. तो येईलच याची गायकाला खात्री नसते.

भैरवी
संगीत नाटकापुरतं ठीक आहे, पण ही खोड आता ख्यालाच्या मैफिलीतही शिरलीय. भैरवी झाली की उठायचं, एवढं साधं होतं. आता भैरवी संपते न संपते तोच 'अजून एक अभंग!' त्यानंतर काय गायचं माणसाने?

पिटातला
भैरवी ताई, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तिथे दार लागलेलं असतं. नाटकात पद मधोमध येतं, रक्त गरम असतं. तेव्हा तोंडातून निघून जातं. त्याला परवानगी कसली मागता?

तिसरी घंटा
रक्त तुमचं गरम असतं, सखी मात्र थंड पडलेली असते. एवढंच असेल तर अंक संपल्यावर पडद्यापुढे येऊन गावं. पेटी-तबला असतोच. नाटकही शाबूत राहील.

पिटातला
पडद्यापुढे म्हटलेलं पद म्हणजे सुगम संगीताचा कार्यक्रम झाला. मला सुभद्रेकडून ऐकायचंय, माईकपुढे उभ्या असलेल्या बाईंकडून नाही.

ऑर्गनवाला
दोघांनाही न पटणारी तोड सांगतो. आमच्या एका दिग्दर्शकाने तालमीतच वन्समोअर बसवला होता. दिला तर फक्त अंतरा, आणि तोही सखीकडे वळून, जणू तिने 'काय म्हणालीस?' असं विचारलंय. सखीला काम मिळालं, मला जागा कळली, वेळही वाचला.

तिसरी घंटा
म्हणजे आधीच ठरवलेला वन्समोअर! बाल्कनी, तुमच्या रॉकवाल्यांत आणि यात मग फरक काय उरला?

ऑर्गनवाला
फरक एवढाच की कोणी मागितला नाही तर आम्ही देत नाही. गेल्या प्रयोगात कोणीच मागितला नव्हता. बाई आत येऊन तासभर कोणाशी बोलल्या नाहीत.