बाबांच्या पायाची जखम: हायपरबॅरिक ऑक्सिजन घ्यावा का?

सांगलीकर: बाबा ६८ वर्षांचे, डायबेटिस जुना. उजव्या अंगठ्याखाली जखम, दोन महिने ड्रेसिंग चालू आहे. एका ठिकाणी हायपरबॅरिकची (बंद नळकांड्यात जास्त दाबाखाली ऑक्सिजन देतात ती) ३० सेशन्स सांगितलीत, पैसे आधी भरायचे. कुणाचा अनुभव?

ओवी: माझ्या आईने घेतलंय. काचेच्या नळकांड्यात दीड तास झोपून राहायचं. दाब वाढला की कानात दडे बसतात, सारखा आवंढा गिळायचा. कपडे सुती, अंगाला तेल नाही, मोबाइल बाहेर. आत साखर उतरू शकते, म्हणून आधी तपासतात. आईला एकदा दरदरून घाम फुटला, तेव्हापासून पोळी-भाजी खाऊनच पाठवायचो. जखम भरली. पण त्याआधी पायाची अँजिओप्लास्टी (अडलेली रक्तवाहिनी मोकळी करणं) झाली होती, त्यामुळे श्रेय नक्की कुणाचं ते सांगता येणार नाही.

भटक्या: ओवीचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पायापर्यंत रक्त पोचतंय का, हे कुणी पाहिलं का? डॉपलर (रक्तप्रवाह बघायची तपासणी) झाला? मधुमेहात धमन्या कडक होतात, घोट्याच्या रक्तदाबाचं रीडिंग फसवं चांगलं येतं. अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

ऑक्सिजनबद्दल अभ्यास उलटसुलट आहेत. स्वीडनमध्ये ९४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०१०) वर्षभरात ५२ टक्क्यांच्या जखमा भरल्या, नुसती दाबाची हवा दिलेल्यांत २९. नेदरलँड्समध्ये १२० जणांवर (२०१८) ठोस फरक दिसला नाही. जोडीला म्हणून ठीक, तेही बाकी सगळं नीट करून जखम हलत नसेल तर.

सांगलीकर: डॉपलर नाही झाला. बाकी सगळं म्हणजे?

भटक्या: मुख्य म्हणजे जखमेवर भार नको. गुडघ्यापर्यंतचं टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला घट्ट बसणारं प्लास्टर) असतं, पण रक्तपुरवठा आणि इन्फेक्शन बघूनच घालतात. बाबा घरात चालतात कसे?

सांगलीकर: अनवाणी. रोज तुळशीला पाणी घालायला अंगणात. दुखत नाही म्हणतात.

ओवी: अहो, दुखत नाही हाच तर घोळ! संवेदनाच गेलीय. आमची आई चपलेत खडा घेऊन दिवसभर फिरली होती. आणि ताप, वास, काळेपणा दिसला तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सांगलीकर: उद्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे नंबर लावलाय, पैसे भरायचे थांबवले. आज तुळशीला पाणी मी घातलं. बाबा खिडकीतून ओरडत होते, "बास, मुळं कुजवशील!"