लेक सुट्टीभर गच्चीवर सावली मोजतेय. उत्तर सांगून टाकू का?

गच्चीवरची आई (पुणे)
मुलगी नऊ वर्षांची, आता चौथीत जाईल. एप्रिलमध्ये शेजारी बांधकामावर आलेल्या गवंडीकाकांनी तिला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन, दाखवला. तेव्हापासून वाळूच्या बादलीत १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करते आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करते. सुट्टीच्या अभ्यासाची वही कोरी आहे.

तिचं म्हणणं, सावली सगळ्यात आखूड होते ती बाराला नाही, साडेबारा उलटल्यावर. बाबा म्हणाले, "मोजताना चुकलं असेल." रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेली. पुन्हा तेच! १३ मेला सावली काठीच्या बुडाशीच गडप झाली. महिनाअखेरीस पाच-सहा सेंमीची सावली उलट बाजूला, दक्षिणेला पडलेली दिसली, तेव्हा सांगायला अनवाणीच धावत खाली आली. तळपाय लालभडक झाले होते.

मला कारण ठाऊक आहे, अगदी ओठांवर येतं. सांगू का? शाळा पंधरा दिवसांवर आली.

दोन मुलांचा बाबा
शून्य सावलीवर मराठीत चांगले व्हिडिओ आहेत. दहा मिनिटांत कळेल, अभ्यासालाही वेळ उरेल.

निवृत्त मास्तर (कोल्हापूर)
ताई, एवढ्यात सांगू नका. ३१ वर्षं भूगोल शिकवला. प्रमाणवेळेचं रेखावृत्त, म्हणजे देशभरातली घड्याळं ज्यावर लावतात ते, ८२.५ अंश पूर्व, हे माझ्या वर्गातलं प्रत्येक पोर घडाघडा म्हणायचं. पण 'मग आपल्याकडे सूर्य डोक्यावर किती वाजता येतो?' असं एकानेही विचारलं नाही. तुमची लेक न शिकवता तिथवर पोचली आहे. ती चुकलेली नाही, एवढं मात्र आजच सांगा. ते कळण्याचा तिला हक्क आहे.

पुढचं तिलाच शोधू द्या. नागपूरकडे कुणी नातेवाईक असेल तर तिथे सूर्य किती वाजता उगवतो ते तिलाच फोन करून विचारू दे.

आणि रात्री एरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगा. साधारण २२०० वर्षांपूर्वीचा माणूस. इजिप्तमध्ये सायनी गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भरदुपारी ऊन विहिरीच्या तळापर्यंत पोचतं, हे त्याला कळलं होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची. तिचा कोन त्याने मोजला, तो भरला वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांमधलं अंतर गुणिले ५०, झाला पृथ्वीचा परीघ! गोष्ट इथेच थांबवा, तात्पर्य नको.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकाच दुपारी ती पुण्यात मोजेल, मी इथे. दोन्ही गावं जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, दक्षिणोत्तर अंतर २०० किलोमीटर. १ मीटरच्या काठीच्या सावलीत तीन-चार सेंमी फरक पडायला हवा. काठी मी आजच तासून ठेवतो.

गच्चीवरची आई
मास्तर, तिच्या बाबांनी काल तिच्यापुढे स्वतःची चूक कबूल केली. नागपूरच्या आत्याला तिने तीन दिवस पहाटे उठवलं. तिकडे सूर्य आपल्याआधी पंचवीसेक मिनिटं उगवतो, हे आता वहीत आहे. सुट्टीच्या अभ्यासाच्याच वहीत! त्याखाली लिहिलंय, "मग आत्याचं घड्याळ वेगळं का नाही?" मी काही बोलले नाही.

गोष्टही सांगितली. परिघाबद्दल एक शब्द नाही. बराच वेळ छताकडे बघत पडली होती, मग म्हणाली, "आई, त्या विहिरीत पाणी होतं का?" ऑक्टोबरात तुम्हालाही विचारणार आहे म्हणते.